एमआरआय अहवालात न दिसणारे हसू आणि रडू: महाराष्ट्रातील मेंदूविकारतज्ज्ञ व रेडिओलॉजिस्ट यांना खुले पत्र

प्रति,
मोटर न्यूरॉन डिसीजच्या रुग्णांवर उपचार करणारे महाराष्ट्रातील मेंदूविकारतज्ज्ञ आणि या रुग्णांचे एमआरआय अहवाल लिहिणारे रेडिओलॉजिस्ट यांस,

सविनय नमस्कार.

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे आपल्या ओपीडीत ज्याला एमएनडी म्हणतात तो आजार, हातापायांची ताकद, बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास हिरावून घेतो, हे रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या भेटीतच सांगितले जाते. या आजाराच्या काही रुग्णांना न आवरणारे हसू किंवा रडू येते, ते प्रसंगाशी सुसंगत असतेच असे नाही आणि त्या क्षणी रुग्णाला आत जे वाटत असते त्याच्याशीही ते जुळत नाही, ही गोष्ट मात्र अनेकांना कुणीच सांगत नाही. वैद्यकात या लक्षणाला स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात. एएलएस या एमएनडीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ते किती जणांना होते याचे अंदाज अभ्यासागणिक बदलतात, पण साधारण पाचांतील एकापासून दोनांतील एकापर्यंत ते जातात. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. बोलण्या-गिळण्यापासून सुरू होणाऱ्या प्रकारात आणि प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिस या संथ गतीच्या प्रकारात तर ती अधिकच आढळते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माझे वडील याच आजाराने गेले. त्यांचा आजार जिभेपासून सुरू झाला होता, त्यामुळे हसण्या-रडण्याचे झटके येऊ लागले तोपर्यंत त्यांचे बोलणे घरच्यांनाही कष्टानेच कळत असे. शेजारचे गृहस्थ आपल्या पत्नीच्या निधनाची बातमी सांगायला आले असताना वडिलांना हसू फुटले आणि ते मिनिटभर थांबले नाही. हसताना त्यांच्या डोळ्यांत जी शरम होती ती मला दिसत होती, पाहुण्यांना दिसणे शक्य नव्हते. दूरदर्शनवर एखादी साधी जाहिरात लागली तरी कधी ते हुंदके देऊन रडत आणि क्षणात पूर्ववत होत. नातेवाइकांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की आजाराच्या धसक्याने डोक्यावर परिणाम झाला आहे, दुसऱ्याचे असे की काहीतरी बाधा आहे आणि एकदा बाहेरचे बघून यावे. दोन्ही तटांना आधार सापडला तो एकाच कागदात. मेंदूचा एमआरआय झाला होता आणि अहवालात लिहिले होते की मेंदूत लक्षणीय दोष नाही. मेंदू ठीक आहे म्हणजे दोष मनात असणार, किंवा मनाच्याही पलीकडे कुठेतरी, असा अर्थ आमच्या घरी लावला गेला. रुग्णालयाचे वा डॉक्टरांचे नाव मी घेत नाही, कारण तक्रार एका ठिकाणाची नाही. नंतर भेटलेल्या इतर रुग्णांच्या घरच्यांकडूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकले.

तो अहवाल चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. एमएनडीच्या संशयात एमआरआय सांगितला जातो तो मुख्यतः दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब नाही, मेंदूच्या तळाशी गाठ नाही, जुना पक्षाघात नाही, एवढी खात्री झाली की तपासणीचे काम झाले. काही रुग्णांत हालचालींचे आदेश वाहून नेणाऱ्या तंतुमार्गावर पांढुरकी छटा दिसते, काहींत मेंदूच्या हालचालीच्या पट्ट्यात काळसर रेघ दिसते, पण या खुणा सर्वांत नसतात आणि फक्त याच आजारात आढळतात असेही नाही. थोडक्यात, नेहमीच्या एमआरआयला जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले. हसण्या-रडण्याविषयी त्याला कुणी काही विचारलेलेच नव्हते आणि नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या प्रतिमांतून त्याला ते सांगताही आले नसते. ही मर्यादा आपणा सर्वांना ठाऊक आहे, रुग्णाच्या घरी ती ठाऊक नसते.

मेंदूच्या आजारात रडू अनावर होते हे निरीक्षण जुने आहे. चार्ल्स डार्विनने 1872 मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिताना अर्धांगवायू आणि मेंदूच्या ऱ्हासाच्या रुग्णांत रडण्याकडे विशेष कल असतो, अशी नोंद केली होती. त्यामागील यंत्रणेचा विचार लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ किन्निअर विल्सन यांनी 1924 मध्ये मांडला. हसणे आणि रडणे या दोन्ही क्रियांत चेहऱ्याचे स्नायू, स्वरयंत्र आणि श्वास यांचा एकत्र मेळ लागतो. हा मेळ घालणारी जागा मेंदूस्तंभात असून वरच्या मेंदूकडून येणाऱ्या ऐच्छिक नियंत्रणाचे मार्ग तुटले की ती मोकाट सुटते, असे त्यांचे म्हणणे होते. जवळजवळ पाऊण शतक हेच स्पष्टीकरण पुरेसे मानले गेले. 2001 मध्ये जोसेफ परविझी, अँटोनिओ डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतर असे झटके येणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतील इजा नेमकी कुठे आहे हे तपासले आणि लहान मेंदूकडे बोट दाखवले. मेंदूच्या पृष्ठभागाकडून पॉन्स या मेंदूस्तंभाच्या भागामार्गे लहान मेंदूकडे जाणारे जे तंतू आहेत, त्यांतून प्रसंगाची माहिती खाली पोहोचते आणि त्या माहितीनुसार हसण्या-रडण्याचे प्रमाण बेतले जाते. ही माहितीच अर्धवट पोहोचली तर प्रतिसाद सुरू होतो, पण प्रसंगाला साजेसा राहत नाही. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण वडिलांच्या बाबतीत हसू नुसते सुटत नव्हते, ते चुकीच्या जागी सुटत होते. अर्थात माझ्या पटण्याला शास्त्रात किंमत नाही. दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना पूर्णपणे छेदतात असेही नाही.

या दोहोंत कोणता मार्ग बिघडलेला आहे हे जिवंत रुग्णात पाहण्याचे साधन गेल्या तीन दशकांत हाती आले, ते म्हणजे डिफ्युजन टेन्सर इमेजिंग. त्याचे गणित 1994 मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ल बिहान यांनी मांडले. वर्गात शिकवताना मी ते असे सांगते: पाण्याचे रेणू कुठेही स्वस्थ नसतात, ते सर्व दिशांना भटकत असतात. पण सुताच्या जुडीवर शाईचा थेंब पडला की तो धाग्यांच्या लांबीकडे झरझर आणि आडवा सावकाश पसरतो, तसेच मेंदूच्या श्वेतद्रव्यातील, म्हणजे तंतूंच्या जुड्यांच्या भागातील, पाणीही तंतूंच्या दिशेने सहज सरकते आणि आडवे अडखळते. वेगवेगळ्या दिशांनी चुंबकीय क्षेत्राचा उतार बदलत, किमान सहा आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून पुष्कळ अधिक दिशांनी, हे सरकणे मोजता येते. त्यातून दोन आकडे हाती येतात. पाणी एकाच दिशेला किती बांधलेले आहे हे शून्य ते एक या पट्टीवर सांगणारा पहिला आणि सर्व दिशांची सरासरी गती सांगणारा दुसरा. तंतू किंवा त्यांचे आवरण झिजले की बंधन सैल होते, पहिला आकडा खाली येतो आणि दुसरा वर जातो. डोळ्यांना प्रतिमा निर्दोष दिसत असतानाही हे आकडे बदललेले असू शकतात, आणि या पत्राचा सगळा भार याच गोष्टीवर आहे.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मेरी के फ्लोटर आणि सहकाऱ्यांनी एएलएस व प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे दोन गट केले, हसण्या-रडण्याचे झटके येणारे आणि न येणारे, आणि दोन्ही गटांच्या तंतुमार्गांची याच पद्धतीने तुलना केली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार झटके येणाऱ्या गटात कपाळामागील व कानशिलालगतच्या मेंदूखालचे श्वेतद्रव्य, पॉन्समधील आडवे तंतू आणि पॉन्सला लहान मेंदूशी जोडणारा मधला देठ या ठिकाणी पाण्याची सरासरी गती वाढलेली होती. म्हणजे परविझी यांनी एका रुग्णावरून जो मार्ग सुचवला होता, तोच मार्ग इथे एका वेगळ्याच आजारात बाधित आढळला. दोन्ही गटांतील रुग्णांना एमएनडीच होता, म्हणून हा फरक केवळ आजार असण्यामुळे पडला असे म्हणता येत नाही. शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या अभ्यासाची हीच मांडणी सर्वांत मोलाची वाटते.

इथेच थांबून मी आपल्याकडे प्रत्येक रुग्णाचा डिफ्युजन एमआरआय करा अशी मागणी केली, तर ती अर्धवट वाचनावर आधारलेली ठरेल. हे अभ्यास थोड्या थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. त्यांचे निकाल गटांच्या सरासरीचे असतात, दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि एका माणसाचा आकडा पाहून त्याला झटके येत असतील की नाही, हे सांगता येत नाही. सगळ्यांचे निष्कर्ष एकाच जागी बोट ठेवतात असेही नाही. ग्रीसमधील एका गटाने 2018 मध्ये अनेक प्रकारच्या प्रतिमा एकत्र वापरल्या, तेव्हा कपाळामागील भागांच्या करड्या द्रव्यातही, म्हणजे चेतापेशींच्या थरातही, फरक दिसले. यंत्राच्या चुंबकाची ताकद 1.5 टेस्ला की 3 टेस्ला, यंत्र कोणत्या कंपनीचे, कोणत्या सेटिंगवर चालवलेले, यावर आकडे बदलतात. प्रत्यक्ष हसण्या-रडण्याच्या क्षणी मेंदूत काय घडते हे फंक्शनल एमआरआयने, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन, पाहावे, तर त्या क्षणी डोके हलते आणि प्रतिमा बिघडते. शिवाय ज्याला उताणे झोपल्यावर श्वास पुरत नाही आणि ज्याची लाळ घशात साचते, त्याला अर्धा-पाऊण तास त्या नळीत निश्चल ठेवणे हे कागदावर लिहिण्याइतके सोपे नाही. म्हणून संशोधनात येतात ते बहुधा आजाराच्या सुरुवातीचे, तुलनेने ठीक असलेले रुग्ण, आणि ज्यांना हा त्रास सर्वाधिक ते बाहेर राहतात.

शिवाय या लक्षणाचे निदान करायला यंत्र लागतच नाही. झटका काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो, निमित्त क्षुल्लक असते किंवा नसतेच, थांबवू म्हटले तरी थांबत नाही आणि संपल्यावर मागे उदासी वा आनंद रेंगाळत नाही. याउलट नैराश्यातली खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकते, भूक, झोप, आशा सगळ्यांवर पसरते. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात, त्यामुळे विचारताना दोन्ही विचारावे लागते. एएलएसच्या काही रुग्णांत विचारशक्ती व वागणूकही बदलते, तेव्हा प्रत्येक अनुचित हसू याच खात्यात टाकणेही बरोबर नाही. यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, सेंटर फॉर न्यूरॉलॉजिक स्टडी लॅबिलिटी स्केल या नावाची. तिचे गुण 7 ते 35 असतात आणि एएलएसमध्ये 13 किंवा अधिक गुण आले की पुढे तपासावे असे मानतात. पाच मिनिटांत ती होते. माझ्या वडिलांना ती कधीही विचारली गेली नाही. बोलू न शकणारा माणूसही बोटाने एक ते पाच दाखवू शकतो.

आणि उपचार आहेत, म्हणून न विचारण्याची किंमत मोठी आहे. अमिट्रिप्टिलीन आणि सिटालोप्रॅमसारखी नैराश्यावरची औषधे या झटक्यांवर अनेकदा कमी मात्रेत आणि नैराश्यापेक्षा लवकर गुण देतात. अमिट्रिप्टिलीनने लाळही आटते, जी या रुग्णांची वेगळी डोकेदुखी असते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडीन यांच्या संयुक्त गोळीची एएलएस आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 326 रुग्णांवर 12 आठवडे चाचणी झाली आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला याच लक्षणासाठी मान्यता दिली. त्यात क्विनिडीनचे काम एवढेच की यकृताने डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा लगेच निकाल लावू नये. हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून सांगते, डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याच्या औषधांत असते हे वाचून कुणी औषधाच्या दुकानातून बाटली आणू नये. त्या बाटलीत इतरही घटक असतात, क्विनिडीनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि नैराश्यावरच्या काही औषधांशी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे मुळीच जमत नाही. हा निर्णय डॉक्टरांचाच. जेवताना आलेले हसू निव्वळ लाजिरवाणे नसते, तोंडातला घास श्वासनलिकेत जाण्याचा तो धोका असतो, हेही आपणास सांगायला नको.

मग प्रतिमांचा आग्रह कशाला, असे आपण विचाराल. घरच्यांना पटण्यासाठी, हे माझे पहिले उत्तर आहे, आणि ते शास्त्रीय नसले तरी खरे आहे. आपल्या समाजात मनाचा आजार म्हटले की माणसाची पत जाते. मेंदूतील अमुक मार्गाचे तंतू झिजलेले असतात आणि ते यंत्राने मोजून पाहिले गेले आहे, एवढे सांगितले की तोच काका, जो कालपर्यंत बाहेरचे बघून यायला सांगत होता, रुग्णाच्या शेजारी बसून घास भरवू लागतो. ही मोजणी त्याच रुग्णाची झालेली असण्याची गरज नाही. जगात झालेली आहे, हे डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले तरी पुरते.

म्हणून रेडिओलॉजिस्ट मंडळींना विनंती अशी की, एमएनडीच्या संशयात केलेल्या एमआरआयच्या अहवालात निष्कर्षाखाली एक ओळ असावी: या तपासणीने इतर कारणे वगळली आहेत, एमएनडीत होणारे तंतुमार्गांचे सूक्ष्म बदल नेहमीच्या प्रतिमांत दिसतीलच असे नाही. ही ओळ लिहायला ना नवे यंत्र लागते ना रुग्णाचा खर्च वाढतो. मेंदूविकारतज्ज्ञांना विनंती अशी की, एमएनडीच्या प्रत्येक रुग्णाला, आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाला वेगळे घेऊन, हसण्या-रडण्याविषयी प्रत्येक भेटीत विचारावे आणि उत्तर केसपेपरवर लिहावे. पहिल्या भेटीत नसलेले लक्षण तिसऱ्या भेटीत असू शकते. आपणहून ते कुणी सांगत नाही, कारण रुग्णाला लाज वाटते आणि घरच्यांना ते आजाराचा भाग आहे हेच माहीत नसते. त्या सात प्रश्नांची नीट पडताळलेली मराठी प्रत प्रत्येक ओपीडीत असावी. पडताळणी म्हणते ती एवढ्यासाठी की, पुण्यातल्या निवृत्त प्राध्यापकाला कळणारा प्रश्न मेळघाटातल्या शेतकऱ्यालाही तसाच कळला पाहिजे.

उरली वैद्यकीय महाविद्यालये. मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या अध्यापन रुग्णालयांत एमएनडीचे रुग्ण येतात, एमआरआय यंत्रे आहेत, आणि प्रबंधासाठी विषय शोधणारे पदव्युत्तर विद्यार्थीही आहेत. एमआरआयसाठी रुग्ण यंत्रात आडवा झालेलाच असतो, त्याच वेळी त्याच्या संमतीने आणि त्याला झेपत असेल तरच डिफ्युजनची आणखी काही मिनिटांची मालिका घेतली आणि त्याच दिवशी ती प्रश्नावली भरून घेतली, तर दोनतीन वर्षांत आपल्याकडच्या रुग्णांची अशी माहिती जमा होईल की ज्यावरून बाहेरच्या देशांतले निष्कर्ष इथे लागू पडतात का, ते तपासता येईल. यासाठी सर्व केंद्रांनी आधी एकच पद्धत ठरवणे आणि यंत्रांची आपसात तुलना करून घेणे अटळ आहे, नाहीतर जमेल तो फक्त आकड्यांचा ढीग. या वाढीव मिनिटांचे शुल्क रुग्णाकडून घेऊ नये, आणि संमतिपत्रात हे स्पष्ट लिहावे की, या मोजणीचा त्याच्या स्वतःच्या उपचारावर परिणाम होणार नाही. आशेच्या भरात माणूस कशावरही सही करतो.

तुलनेसाठी त्याच वयाची निरोगी माणसेही लागतील आणि बहुधा इथेच असे प्रकल्प अडतात. या कामी आम्ही रुग्णांच्या घरचे उपयोगी पडू शकतो. रक्ताचे नातेवाईक आनुवंशिक कारणांमुळे कदाचित योग्य ठरणार नाहीत, काही कुटुंबांत हा आजार पिढ्यांतून येतो. पण रुग्णांचे पती किंवा पत्नी साधारण त्याच वयाचे, त्याच घरातले, तेच अन्न खाणारे असतात आणि रुग्णासोबत रुग्णालयात आलेलेही असतात. माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांशी मी बोलले आहे आणि यंत्र मोकळे असेल त्या वेळी, सुटीच्या दिवशीसुद्धा, यायची त्यांची तयारी आहे. आपल्यापैकी कुणी असे काम सुरू करणार असेल, तर प्रश्नावलीचा मराठी मसुदा वेगवेगळ्या भागांतल्या लोकांना वाचून दाखवून त्यातले अडणारे शब्द टिपण्याचे कामही आम्ही करू.

कळावे,
आपली विश्वासू,
एमएनडीच्या एका दिवंगत रुग्णाची मुलगी